शिबेशींचा घास

वुबितला बाजारात सगळे कुलूप म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे, पण तिला नीट ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून.

त्याला कारण तिचा उजवा हात. अदिस अबाबाच्या कॉफीबाजारात त्या काळी सौदा टाळीने व्हायचा. लाकडी कठड्याचं एक रिंगण, त्यात तपकिरी जाकिटातले विकणारे आणि हिरव्या जाकिटातले घेणारे, सगळे नाकाला नाक लावून ओरडतायत, आणि भाव जमला की समोरच्याच्या तळव्यावर आपला तळवा आपटायचा. आवाज झाला की माल गेला. मग तुम्ही म्हणा माझं लक्ष नव्हतं, म्हणा डोळ्यात कचरा गेला होता, कुणी ऐकून घेत नाही. असा बाजार ज्याचा हात वेळेवर पडतो त्याचा. आणि वुबितचा हात काही केल्या पडत नसे. भाव चढत असला की तिला वाटायचं, अजून चढेल. उतरायला लागला की वाटायचं, वळेल आता. घरी तिच्या कपाटात बारा वर्षांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या. माणसाचा स्वभाव काय एकाच जागी असतो होय?

या हंगामात त्या हाताने तिला दोनदा बुडवलं होतं. दोन्ही वेळा चांगला भाव डोळ्यांदेखत निघून गेला आणि ती नुसती बघत राहिली. शेवटी तिच्या मोठ्या भावाने, तफेराने, तिला समोर बसवलं. तफेराचं मेर्कातोत, म्हणजे शहराच्या मोठ्या बाजारपेठेत, पत्र्यांचं आणि खिळ्यांचं दुकान. बाजारातली खुर्ची दोघांच्या पैशांतून घेतलेली. खुर्ची आपली म्हणायची, रिंगणात टेकायला साधं स्टूल नव्हतं. खुर्ची म्हणजे आत उभं राहून सौदा करायचा हक्क.

“हंगाम संपताना नफा दाखव,” तफेरा म्हणाला. “एक बिर्र का असेना. नाहीतर खुर्ची शिबेशींना देऊन टाकू. ते कधीचे मागतायत.”

“आणि मी काय करू, दादा?”

“दुकानात ये. खिळे मोजायला माणूस लागतोच.”

खिळे. दहा वर्षं ती सिदामाच्या डोंगरांतून कॉफी गोळा करत होती, धुऊन वाळवून हवासाच्या गोदामात घालत होती, मूठभर दाणे हुंगून प्रत सांगत होती, आणि आता खिळे. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

हंगामाच्या अखेरीला तिच्याकडे गोदामाच्या बारा चिठ्ठ्या उरल्या. एक चिठ्ठी म्हणजे तीस पोती. चिठ्ठीला मुदत असते. ती टळली की गोदामवाले दंड लावून येईल त्या भावाला माल काढून टाकतात. तिच्या बाराही चिठ्ठ्यांची मुदत गुरुवारी संपत होती. तिने हिशेब शंभरदा केला होता. भाव बोलायचा तो सतरा किलोंचा; बाराच्या बारा सरासरी हजार तीस बिर्रला गेल्या, तर मागचे दोन्ही खड्डे भरून वर थोडं उरतं आणि खुर्ची वाचते. बुधवारी सकाळी भाव होता हजार साठ.

मग विकून मोकळी का नाही झाली ही बाई? एक तर कुलूप. आणि दुसरं कारण गाशे शिबेशी.

गाशे म्हणतात वडीलधाऱ्या पुरुषाला. शिबेशी साठी ओलांडलेले, बाजारातले सगळ्यात जुने विकणारे आणि, यात कुणाचं दुमत नव्हतं, सगळ्यात चिक्कू. कॅन्टीनमधल्या साखरेच्या पुड्या खिशात घालून घरी न्यायचे. कपाच्या तळाला राहिलेली साखर चमच्याने खरवडायचे. दहा वर्षांत त्यांनी कुणापुढे पाण्याचा पेला सरकवल्याचं ऐकिवात नव्हतं. हे गृहस्थ आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होते, “धरून ठेवा. गुरुवारच्या आत विकू नका.” का म्हणून विचारलं की म्हणायचे, “मी सांगतोय म्हणून.” त्यांच्या स्वतःच्या साठ चिठ्ठ्या होत्या. लोक मागून त्यांची टिंगल करत, पण ऐकत. सगळे धरून बसले होते आणि भाव हळूहळू वर सरकत होता.

बुधवारी दुपारी वुबित खालच्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसली. बुधवार उपासाचा, मांस नाही, लोणी नाही. ताटभर इंजेरा, आंबोळीसारखी मऊ पोळी, आणि त्यावर शिरो. नाव ऐकून गोडाची आशा धरू नका, शिरो हे आपल्या पिठल्याचं सख्खं भावंड, आणि तिखट असं की कान गरम व्हावेत. तिने पहिला तुकडा मोडला तेवढ्यात समोरची खुर्ची ओढून शिबेशी बसले. हसत बसले. इथेच खरं तर तिला संशय यायला हवा होता.

“वुबित, तोंड उघड,” ते म्हणाले.

“काय?”

“उघड म्हणतो ना.”

त्यांनी इंजेरा मोडला, तोही तिच्याच ताटातला, शिरोत चांगला लोळवला, लिंबाएवढा गोळा केला आणि हात तिच्या तोंडाशी आणला. गुर्शा. आपल्या हाताने दुसऱ्याला भरवलेला घास. तो नाकारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. तिथे वैऱ्याचाही नाकारत नाहीत. वुबितने तोंड उघडलं. घास आत गेला आणि गाल फुगले.

तो गिळते न गिळते तोच दुसरा तयार. “एकावर कोण थांबतं?” म्हणाले. मग तिसरा. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. “तुला एक गोष्ट सांगायची आहे,” ते पुढे वाकून हळूच म्हणाले. “पण आधी खा.”

वर पहिली घंटा झाली. सिदामाच्या कॉफीचं दहा मिनिटांचं सत्र पाच मिनिटांत सुरू होणार होतं.

आणि वुबितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंड भरलेलं होतं, पण विचार करायला तोंड लागत नाही. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याला कधी कपभर चहा पाजला नाही, तो मला भरवतोय? तीन-तीन घास? हा मला इथे अडकवून ठेवतोय. भरवणाऱ्यासमोरून उठून जाता येत नाही, हे याला पक्कं ठाऊक. आठवडाभर सगळ्यांना धरा धरा म्हणाला, आणि आज सगळे गाफील असताना हा वर जाऊन आपल्या साठ चिठ्ठ्या काढणार. साठ एकदम आल्या की भाव कोसळणार. माझ्या बारा मातीमोल. आणि मग खुर्ची कुणाला? यालाच. वा रे गाशे.

ती उठली.

“अगं, ऐक तर,” शिबेशी म्हणाले. वुबित फुगलेले गाल तसेच घेऊन जिन्याकडे धावली. हात धुवायलाही थांबली नाही.

रिंगणात शिरली तेव्हा ती अजून चावतच होती. समोर हिरव्या जाकिटात बेद्रू उभा होता. बेद्रू एका मोठ्या निर्यातदारासाठी माल घ्यायचा. पस्तिशीचा, चलाख, आणि बडबडीला थांबा नाही.

“ताई, आधी गिळून घ्या,” तो म्हणाला. “ठसका लागला तर माझ्यावर यायचं.”

“हजार पंचावन्न,” वुबित म्हणाली.

बेद्रूने मागे वळून बघितलं, ही दुसऱ्या कुणाला म्हणतेय की काय. “कोण विकतंय? तुम्ही?”

“घेतोस का?”

“हजार पंचेचाळीस.”

“हजार पन्नास.”

त्याने हात वर केला तो गंमत म्हणून, हिचा हात पडतोय थोडाच अशा खात्रीने. फाट्. चार चिठ्ठ्या गेल्या. शेजारच्या हिरव्या जाकिटाच्या हातावर फाट्, आणखी चार. तळव्याला झिणझिण्या आल्या होत्या आणि त्या तिला भलत्याच आवडल्या.

“कुलूप उघडलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढंच पुरलं. जी बाई चढत्या भावातही हात उचलत नाही, ती आज दहा बिर्र सोडून विकतेय? म्हणजे हिला काहीतरी कळलंय. तपकिरी जाकिटं एकामागून एक पुढे घुसली. हजार चाळीस. हजार तीस. हजार वीस. हिरव्यांनी हात आखडते घेतले. शिबेशी जिना चढून धापा टाकत आत आले तेव्हा भाव उताराला लागलेला होता. ते कठड्याला टेकून, हाताची घडी घालून नुसते बघत राहिले. बसा आता बोंबलत, वुबित मनात म्हणाली.

तिच्या अजून चार चिठ्ठ्या शिल्लक होत्या. पण त्या काढायच्या तर हजार वीसला, आणि हजार वीस म्हटल्यावर तिचा हात पुन्हा जड झाला. वळेल, वळेल. घंटा झाली तेव्हा भाव हजार सातवर टेकला होता. एका दिवसात त्याहून खाली जायला बाजाराची परवानगीच नव्हती, नाहीतर तोही गेला असता.

बेद्रू एका डोळ्याने रडत तिच्याजवळ आला. घाम पुसताना त्याने तळहात डोळ्याला लावला होता.

“ताई, हाताला काय लावलं होतंत?”

“शिरो.”

“माझा डोळा फोडलात आणि वर हजार पन्नास घेतलेत.”

संध्याकाळपर्यंत वुबित बाजारातली मोठी असामी झाली. कालपर्यंत तिला नमस्कारही न करणारे दोघे तिला कॉफी पाजायला घेऊन गेले. “कसं कळलं हो तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “कळतं,” ती म्हणाली आणि कपात बघून मंद हसली. असं हसायला तिला फार दिवसांत मिळालं नव्हतं. मग तफेराचा फोन आला. आठ चिठ्ठ्या हजार पन्नासला गेल्या म्हणजे उरलेल्या चार नऊशे नव्वदला गेल्या तरी खुर्ची वाचते, हे त्याने तिच्याआधी काढून ठेवलं होतं.

“उद्या घंटा झाली की पहिल्या मिनिटात चारही काढून टाक,” तो म्हणाला. “मी येऊन वर बघ्यांच्या सज्जात काचेमागे उभा राहतो. तुझ्या हातावर माझा भरवसा नाही.”

गुरुवारी सकाळी शिबेशी कॅन्टीनमध्ये एक मोठा झाकणाचा डबा घेऊन आले. झाकण काढलं तर आत घट्ट लापशी, गरम, मधोमध खळगा करून त्यात लोणी आणि लाल तिखट. बाळंतिणीच्या घरी आल्यागेल्याला देतात ती. ते टेबलाटेबलापाशी थांबून चमचा चमचा वाढत होते. वाढत वाढत वुबितपाशी आले आणि बसले. चेहरा ओढलेला होता, पण डोळे कालच्यासारखेच चमकत होते.

“नात झाली,” ते म्हणाले. “काल सकाळी. पहिलीच.”

“काल?”

“काल. फोन आला आणि मला सुचेचना काही. कुणाला सांगू, काय करू. कुणाला तरी भरवावं असं वाटलं बघ. खाली आलो तर तू एकटी जेवत होतीस.”

वुबितने तोंडातली लापशी गालात सरकवली. “ती गोष्ट सांगायची होती ती हीच?”

“एक ही. दुसरी वेगळी.” त्यांनी आवाज उतरवला. “माझा भाचा जिबुतीच्या बंदरात आहे. जहाज उभं आहे, अर्धं रिकामं. बेद्रूच्या मालकांना आणि आणखी दोघांना शनिवारपर्यंत कॉफी चढवायचीय, आणि त्यांच्या स्वतःच्या गोदामात दाणा नाही. आज त्यांना मागू त्या भावाला घ्यावीच लागली असती. म्हणून धरा म्हणत होतो. कारण सांगितलं असतं तर पोराची नोकरी गेली असती. तुला मात्र सांगणार होतो. तुझ्या तोंडातून काही बाहेर पडत नाही. तर तू तोंडात घास घेऊन पळालीस.”

“म्हणजे काल तुम्ही विकायला जाणार नव्हतात?”

“मी?” शिबेशींना खरोखरच कळेना. “सगळ्यांना धरा सांगून मी विकू?”

मग त्यांनीच विचारलं, “पण तुला कसा वास आला गं, भाव पडणार म्हणून? मी साठ चिठ्ठ्या घेऊन बसलोय, आज मुदत संपतेय. चाळीस वर्षं कॉफीत काढली आणि मला काही कळलं नाही.”

थाप मारायला काय लागतं? सगळा बाजार कालपासून एका थापेवरच चालला होता. पण तोंडात त्यांच्या नातीच्या नावाची लापशी होती.

“तुमच्या घासावरून,” वुबित म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, जसं डोक्यात आलं तसं. चिक्कू हा शब्द तेवढा गाळला. शिबेशींनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“म्हणजे तुला काहीच कळलं नव्हतं.”

“नाही.”

“आणि तू विकलंस म्हणून सगळ्यांनी विकलं.”

“हो, गाशे.”

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मी एवढा चिक्कू आहे का गं?” त्यांनी विचारलं.

वुबितला इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावं. “थोडे,” ती म्हणाली.

“हं.” ते उठले. “जाऊ दे. बाजार आहे, चालायचंच.” आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे मात्र त्यांनी प्रत्येकाला दोन-दोन चमचे वाढले.

त्यानंतरच्या तासाभरात वुबितने दहा जणांना गाठलं. मला काही कळलेलं नाही, काल मी उगाच घाबरले, कृपा करून विकू नका. दहाही जणांनी समजून उमजून मान डोलावली. “वा ताई,” एकजण म्हणाला, “काल स्वतः विकून मोकळ्या झालात आणि आज आम्ही धरायचं? तुम्ही धरा म्हणालात ना, आता मी पहिल्या मिनिटात विकतो.” तिने कपाळाला हात लावला. तिथे बोलण्याला कवडीची किंमत नव्हती. किंमत होती ती हाताला.

दुपारची घंटा जवळ आली तेव्हा तिला स्वच्छ दिसत होतं. आज चाळीस तपकिरी जाकिटं तिच्या उजव्या हाताकडे बघणार. तो पडला की सगळे तुटून पडणार, भाव साडेनऊशेपर्यंत जाणार, आणि शिबेशी साठ चिठ्ठ्यांसकट बुडणार. तिची स्वतःची खुर्ची मात्र वाचणार, कारण ती पहिली. आणि हात पडला नाही तर? तर बेद्रू किती धीराचा निघतो त्यावर सगळं. तो दहा मिनिटं गप्प उभा राहिला तर तिच्या चार चिठ्ठ्या दंडात जाणार, आणि खुर्चीही.

तफेरा वर काचेमागे येऊन उभा होता. घंटा झाली. बेद्रू सरळ तिच्यासमोर आला.

“हजार सात. चारही घेतो,” तो म्हणाला आणि तळवा पुढे केला. “आज हात धुतलेत ना?”

हजार सात. खुर्ची वाचून वर चार पैसे उरत होते. नुसता हात खाली आणायचा. वुबितने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि डाव्याने उजव्याचं मनगट गच्च धरलं.

“मला विकायचं नाही,” ती म्हणाली.

“तुमची मुदत आज संपतेय, ताई. मला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे.”

काचेवर टकटक झाली. तिने वर बघितलं नाही.

“कुलूप,” मागून कुणीतरी म्हणालं. “लागलं परत.”

पुढे घुसायला निघालेली तपकिरी जाकिटं जागच्या जागी थांबली. पहिल्या मिनिटात विकतो म्हणणाऱ्याने वर नेलेला हात हळूच डोकं खाजवायला वळवला. तीन मिनिटं गेली आणि एक टाळी वाजली नाही. बेद्रू एक चक्कर मारून पुन्हा तिच्यापाशी आला.

“हजार पंधरा.”

तिने मनगट आणखी घट्ट धरलं.

“फार ताणू नका. खरं सांगू का, आमच्या मालकांना सध्या कॉफी नकोच आहे.”

“मग घरी जा. डोळ्यात पाणी मार.”

हजार पंचवीस. वर तफेरा आता दोन्ही हातांनी काच बडवत होता. वुबितचं मनगट घामाने निसटत होतं, आणि डोळ्यांसमोर खिळे येत होते, बारीक, मोठे, पत्र्यावर मारायचे, कागदी पुड्यांत बांधलेले. पण बेद्रू दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघत होता, आणि ज्याला कॉफी नको तो घड्याळ बघत नाही.

सहाव्या मिनिटाला दुसरीकडून कुणीतरी हजार चाळीस ओरडलं. तेव्हा शिबेशींचा हात पडला. मग पुन्हा पडला. तीन हिरवी जाकिटं त्यांच्याभोवती जमली, फाट् फाट् फाट्. बाकीच्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे वुबितच्या पाठीमागच्या हातांवर. ते हात जागचे हलत नव्हते, आणि ते हलत नव्हते तोवर कुणाची घाई करायची छाती नव्हती. नवव्या मिनिटाला शिबेशींची शेवटची टाळी वाजली. त्यांनी रिंगणाच्या पलीकडून तिच्याकडे बघून मान हलवली.

आता. वुबितने उजवा हात सोडवायला घेतला, तर डावा सोडेना. बोटं आखडून गेली होती.

“हजार पंचेचाळीस,” बेद्रू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “ताई, देताय का? शेवटचं विचारतोय.”

तिने हिसडा मारला. हात सुटला, वर गेला आणि पडला. टाळी आणि घंटा एकदमच वाजल्या.

कठड्यापाशी बसलेल्या पंचाने लेखणी खाली ठेवली. आधी काय वाजलं? टाळी मागाहून असेल तर सौदा नाही. सगळे बेद्रूकडे बघायला लागले, कारण अशा वेळी घेणाऱ्याचा शब्द धरतात, आणि नाही म्हणाला असता तर उद्या गोदामातून तोच माल त्याला स्वस्तात मिळाला असता. बेद्रूने आपल्या तळव्याकडे बघितलं.

“टाळी आधी,” तो म्हणाला. “आणि आम्हाला कॉफी हवी आहे हो. फार हवी आहे.”

तफेरा जिना उतरून आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“नफा झाला,” तो म्हणाला. “पण मला डॉक्टरकडे जावं लागणार आहे.”

“आणि खुर्ची?”

“ठेव बाई तुझी खुर्ची. दुकानात तू नकोसच. एक खिळा विकला जायचा नाही.”

खाली कॅन्टीनमध्ये शिबेशींनी ताट मागवलं होतं. मोठं, गुरुवारचं, मटण घातलेलं, आणि पैसे आधीच देऊन टाकले होते. पैसे देताना त्यांना बघायला म्हणे स्वयंपाकघरातून दोघं बाहेर आली होती. ते वुबितची वाट बघत थांबले होते.

“बस,” ते म्हणाले. “तुझ्या खुर्चीचं मी माझ्या मुलीसाठी विचारत होतो, बरं का. तिला तुझ्यासारखं रिंगणात उभं राहायचंय. आता बाळ झालंय, वर्षभर तरी नाही.”

“तिला पाठवा माझ्याकडे,” वुबित म्हणाली. “हात कधी पाडायचा नाही, तेवढं शिकवीन.”

शिबेशी हसले. या वेळी त्यांनी आपल्या ताटातला इंजेरा मोडला, रश्श्यात बुडवला, मटणाचा चांगला तुकडा आत गुंडाळला आणि हात पुढे केला. वुबितने तोंड उघडलं. पहिला घास, दुसरा, तिसरा. तिने तिन्ही सावकाश खाल्ले. मग ताटाच्या कडेचा इंजेरा तिने मोडला, तसाच लिंबाएवढा गोळा केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

“आता तुम्ही, गाशे.”

शिबेशी तिच्या हाताकडे बघत राहिले. ज्याने कधी कुणाला भरवलं नाही, त्याला भरवायलाही कधी कुणी गेलं नव्हतं. इतकी वर्षं एका कॅन्टीनमध्ये जेवून वुबितच्या हे आत्ता लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं. घास आत गेला, पण बराच वेळ त्यांना चावताच येईना. वुबित दुसरा घास मोडून हात तसाच धरून बसली. घाई करायची तिला तशीही सवय नव्हती.